फुकटचे चमत्कार

सर्वांत टुकार अद्भुतपट किंवा विज्ञानपट कोणता, हा वाद चित्रपटवेड्यांच्या कट्ट्यावर निघाला की आरोपींची यादी ठरलेली असते. कोणी 2002 सालच्या ‘जानी दुश्मन: एक अनोखी कहानी’चं नाव घेतं. त्यात एक इच्छाधारी नाग सूड उगवायला निघतो आणि सनी देओल, अक्षय कुमार, सुनील शेट्टी, मनीषा कोईराला अशी सगळी पलटण त्याच्या तावडीत सापडते. कोणाला 2008 चा ‘लव्ह स्टोरी 2050’ आठवतो, कोणाला 2012 चा ‘जोकर’. अलीकडे या सगळ्यांना मागे सारून 2023 च्या ‘आदिपुरुष’ने पहिला नंबर पटकावला आहे, आणि त्याचा दिग्दर्शक ओम राऊत आपल्यातलाच असल्यामुळे महाराष्ट्रात या वादाला जरा जास्तच धार चढते. गंमत अशी, की चित्रपट भिकार आहे यावर सगळ्यांचं चटकन एकमत होतं. का भिकार आहे असं विचारलं की जो तो आपली वेगळी फूटपट्टी बाहेर काढतो. एकाच्या मते ट्रिक सीन हास्यास्पद होते, दुसऱ्याच्या मते एवढा पैसा पाण्यात गेला हाच गुन्हा, तिसरा म्हणतो सगळं इंग्रजी सिनेमातून ढापलेलं. या तिन्ही फूटपट्ट्या तोकड्या आहेत, असं मला वाटतं. अद्भुतपटाची खरी परीक्षा त्यातल्या चमत्काराला काही अट आहे का आणि त्या चमत्कारापायी कोणाला काही किंमत मोजावी लागते का, या दोन प्रश्नांत आहे. दोन्हींचं उत्तर ‘नाही’ आलं, तर पाचशे कोटी ओतूनही चित्रपट तरत नाही.

आधी दिसण्याची फूटपट्टी पाहू, कारण वादात सर्वांत जास्त तीच वापरली जाते. ती खरी धरली तर आपला सगळा जुना सिनेमा मोडीत काढावा लागेल. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. चित्रपटाकडे वळण्याआधी ते जादूचे प्रयोग करत आणि स्वतःचं आडनाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ असं नाव लावत. 1912 मध्ये भांडवल उभं करायची वेळ आली तेव्हा त्यांनी लोकांना देवही दाखवला नाही आणि राक्षसही. त्यांनी दाखवलं वाटाण्याचं रोप. कुंडीतल्या रोपाचं रोज थोडं थोडं चित्रण करून त्यांनी दिवसांची वाढ मिनिटाभरात बसवली, आणि डोळ्यांसमोर अंकुर वर येताना पाहून पैसेवाले पाघळले. पुढे ‘लंका दहन’मध्ये (1917) अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या, ‘कालिया मर्दन’मध्ये (1919) फाळक्यांची मुलगी मंदाकिनी बाळकृष्ण झाली. आजचं शाळकरी पोरही त्या चित्रणातली युक्ती क्षणात ओळखेल. तरीही फाळक्यांच्या चित्रपटांना टुकार म्हणायचं कोणाच्या मनात येत नाही. हा जुन्याबद्दलचा आदर आहे असं म्हणून सोडून देता येईल, पण मग त्याच काळातले कितीतरी चित्रपट विस्मरणात का गेले, हे सांगता येत नाही.

प्रभातच्या ‘संत तुकाराम’कडे (1936) पाहिलं की उत्तर हाती लागू लागतं. दामले आणि फत्तेलाल यांच्या या चित्रपटाला 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरव मिळाला. शेवटी पक्ष्याच्या आकाराचं विमान येतं आणि तुकाराम वैकुंठाला जातात. ते दृश्य आज पाहिलं तर खेळण्यातल्यासारखं दिसतं, यात वाद नाही. पण त्याआधी चित्रपटाने काय केलंय बघा. पोर आजारी पडलंय म्हणून जिजाई त्याला एका हाताने ओढत देवळात नेते आणि तिच्या दुसऱ्या हातात वहाण असते, विठोबाला हाणायला. चमत्कार होतो, पोर बरं होतं, पण त्या वहाणेमुळे चमत्काराला घरदार, भूक आणि संताप चिकटलेला राहतो. देवाने कृपा केली म्हणून संसार सुटत नाही. नवरा विमानात बसतो तेव्हा जिजाई पोरांसह खालीच उरते, आणि वैकुंठाची खरी किंमत कोणी मोजली हे प्रेक्षकाला कोणी भाषण देऊन सांगावं लागत नाही. विष्णुपंत पागनीस यांचा तुकाराम जेवढा लक्षात राहतो तेवढीच, किंबहुना थोडी जास्तच, गौरी यांची जिजाई राहते ती याचमुळे. विमान लाकडाचं असो की कागदाचं, ते वजन घेऊनच उडतं.

ही अट आणि किंमत म्हणजे नेमकं काय, हे समजून घ्यायला अहिल्यानगर जिल्ह्यातला नेवासा तालुका फार उपयोगी पडतो. याच तालुक्यातल्या शनिशिंगणापूरची कथा मराठी वाचकाला तोंडपाठ असते, तरी ती गोष्ट म्हणून कशी बांधली आहे याकडे सहसा लक्ष जात नाही. पानसनाल्याला पूर आला, एक काळी शिळा वाहत येऊन बोरीच्या झाडाला अडकली. गुराख्याने काठी टोचली तर तिच्यातून रक्त येऊ लागलं. रात्री स्वप्नात दृष्टान्त झाला. गाव शिळा उचलायला गेलं तर ती हलेना. सख्खे मामा-भाचे हात लावतील तरच उठेल, अशी अट निघाली. मग देवाची आणखी एक अट: डोक्यावर छप्पर नको. आणि त्यासोबत वचन: या गावाला चोरीचं भय राहणार नाही. म्हणून शिळा आजही उघड्या चौथऱ्यावर ऊन-पाऊस अंगावर घेत उभी आहे आणि गावातल्या घरांना चौकटी आहेत पण दारं नाहीत, कडी-कोयंडा नाही. कुत्रं-मांजर आत शिरू नये म्हणून फार तर एखादी फळी आडवी लावलेली. चोरी केलीच कोणी तर तो आंधळा होतो, त्याच्यामागे साडेसाती लागते, अशी समजूत. श्रद्धा खरी की खोटी हा इथला मुद्दा नाही आणि गावाच्या दैवताला अद्भुतपटाच्या रांगेत बसवायचाही हेतू नाही. मुद्दा एवढाच, की या कथेत देव काहीही फुकट देत नाही. संरक्षण हवं असेल तर आधी दार काढून ठेवावं लागतं. ज्याला भीती वाटते आणि जो दार लावतो, त्याने करार मोडला. एका ओळीत सांगता येणारी अट, आणि तिच्यातून निघालेली अख्ख्या गावाची वास्तुरचना! एवढी घट्ट वीण पटकथाकारांना वर्षानुवर्षं घासूनही साधत नाही.

तिथून जवळच नेवासं. ज्ञानेश्वरी इथे सांगितली गेली, शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वर बसले असं मानतात तो पैस खांब इथे आहे. इथलीही एक आख्यायिका आहे. सच्चिदानंदबाबांची प्रेतयात्रा निघाली होती, ज्ञानेश्वरांनी त्यांना जिवंत केलं. टुकार चित्रपटात गोष्ट इथे संपली असती, वर फुलं पडली असती. आख्यायिकेत मात्र ती इथून पुढे सुरू होते: परत मिळालेलं आयुष्य बाबांनी ज्ञानेश्वरीचं लेखन करण्यात घातलं. मरणातून उठलेल्या माणसाला लगेच लेखणी घेऊन बसावं लागलं, नऊ हजार ओव्या उतरवून घ्यायला.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो बिनबुडाचा नाही. अद्भुताला नियम हवेत, त्याचं एक सुसंगत जग हवं, ही सगळी पाश्चात्त्य समीक्षेची भाषा झाली. आपल्याकडे लीला असते, देवाला कसले नियम, असं म्हणतात. पण आपली पुराणं उघडून बघा, ती अटींनी खचाखच भरलेली आहेत. हिरण्यकश्यपूला घरात मरण नाही आणि बाहेर नाही, दिवसा नाही आणि रात्री नाही, माणसाकडून नाही आणि पशूकडून नाही. म्हणून नरसिंहाला तिन्हीसांजेला उंबरठा गाठावा लागतो. वर देणाऱ्याचा शब्द अक्षरशः पाळला जातो, आणि त्या पाळण्यातच सगळी खुबी आहे. भस्मासुराला मिळालेला वर त्याच्याच डोक्यावर उलटतो. रावण देव-दानवांपासून अभय मागतो आणि माणसाला क्षुल्लक समजून वगळतो, त्यामुळे रामाला माणूस म्हणून जन्म घेण्यावाचून गत्यंतर राहत नाही. सर्वशक्तिमान विष्णूसुद्धा ज्या साहित्यात वराची पळवाट शोधत बसतो, त्या साहित्याला नियमांचं वावडं आहे असं म्हणणं धाडसाचं आहे. उलट आजीकडून या गोष्टी ऐकत वाढलेला प्रेक्षक अटीच्या बाबतीत फार चोखंदळ असतो. अट मोडली की त्याला कळतं. फक्त नेमकं काय खटकलं हे सांगता न आल्यामुळे तो ‘ट्रिक सीन बेकार होते’ असं म्हणून मोकळा होतो.

दुसरा आक्षेप पैशाचा. मराठीत अद्भुतपट का निघत नाहीत, तर बजेट नाही. हे इतक्या वेळा ऐकलंय की ते निसर्गनियमासारखं वाटू लागलंय. महेश कोठारे यांनी 1990 मध्ये ‘धडाकेबाज’ काढला तेव्हा बजेट कुठे होतं? बाटलीतला गंगाराम आणि कवटीचा मुखवटा घातलेला कवट्या महाकाळ एवढ्या भांडवलावर एका पिढीचं बालपण त्यांनी ताब्यात घेतलं. ‘झपाटलेला’ (1993) तर या वादातली सगळ्यात महत्त्वाची साक्ष आहे. कल्पना 1988 च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकी चित्रपटावरून घेतलेली, हे उघड गुपित आहे. बाहुला रामदास पाध्ये यांनी घडवलेला. तो चालतो तेव्हा तो बाहुलाच दिसतो. म्हणजे ट्रिक, पैसा आणि उसनवारी या तिन्ही फूटपट्ट्यांवर चित्रपट नापास व्हायला हवा. पण बाहुल्यात शिरलेल्या तात्या विंचू या गुंडाच्या मंत्राला अटी आहेत आणि त्या चित्रपटभर पाळल्या जातात. बाहुल्यातून सुटायचं तर ज्याच्यापुढे त्याने पहिल्यांदा आपली ओळख उघड केली त्याच्याच देहात शिरावं लागेल, आणि तो माणूस म्हणजे भाबडा लक्ष्या. मारायचं तर नेमकी भुवयांच्या मध्ये गोळी लागायला हवी. या दोन अटी कळल्या की लहान मूलसुद्धा पुढची गोष्ट स्वतः रचू लागतं, घाबरतं, लक्ष्याला ओरडून सावध करतं. भीती बाहुल्याच्या कारागिरीत जेवढी आहे त्याहून जास्त त्या अटींत आहे. दिलीप प्रभावळकर यांचा आवाज आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांची धांदल यांना तोड नाहीच, पण त्यांना उभं राहायला जमीन दिली ती पटकथेने. वीस वर्षांनी, 2013 मध्ये, ‘झपाटलेला 2’ थ्रीडीमध्ये आला. तंत्र कितीतरी पुढचं, आणि तरी लोक आजही तात्या विंचू म्हटलं की पहिल्याच चित्रपटाबद्दल बोलतात.

राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (2018) हिंदीत असला तरी माती, पाऊस आणि वाडा सगळं कोकणातलं. त्यातल्या हस्तर या शापित देवाला सोनं मिळालंय आणि अन्न कायमचं नाकारलं गेलंय. त्याला भुलवायला पिठाची बाहुली न्यायची, स्वतःभोवती पिठाचं रिंगण आखायचं, आणि तो बाहुलीवर तुटून पडेल तेवढ्या वेळात मुद्रा ओरबाडायच्या. एका बाहुलीत जेवढं हाताला लागेल तेवढंच. मग बापलेकाच्या मनात येतं, जास्त बाहुल्या नेल्या तर? हाव आणि अट समोरासमोर येतात आणि शेवट त्यातूनच घडतो, बाहेरून आणावा लागत नाही. हा चित्रपट पहिल्या वेळी बेताचाच चालला. 2024 मध्ये पुन्हा लागला तेव्हा त्याने पहिल्यापेक्षा जास्त कमाई केली. विशेष दृश्यं सहा वर्षांत शिळी होतात, हा या धंद्यातला अनुभव. इथे काहीच शिळं झालं नव्हतं.

आता आरोपींकडे वळू. ‘लव्ह स्टोरी 2050’मध्ये कालयंत्र आहे. प्रेयसी अपघातात मरते, नायक यंत्रात बसून 2050 च्या मुंबईत जातो आणि तिथे ती पुनर्जन्म घेऊन आलेली असते. उडत्या गाड्या, यंत्रमानव, चकचकीत इमारती, सगळं हौसेने केलेलं. पण यंत्राचं शास्त्र आणि पुनर्जन्माचं शास्त्र एकमेकांना ओळखतच नाहीत. दोन वेगळ्या विश्वांचे कायदे एकाच गोष्टीत घातले आणि त्यांचं आपसात काय नातं, हे ठरवायची तसदी घेतली नाही, की प्रेक्षकाला कशाचीच धास्ती उरत नाही. यंत्राने जमलं नाही तर कर्म आहेच! ‘जोकर’चं पाप वेगळं. पगलापूर नावाचं नकाशावरून सुटलेलं गाव, जगाचं लक्ष वेधायला गावकरी परग्रहवासी आल्याचं सोंग वठवतात. इथवर कल्पना झकास आहे, अगदी आपल्या लोकनाट्यात शोभेल अशी. सोंग उघडं पडायची भीती हीच त्या गोष्टीची किंमत होती. शेवटी खरोखरचा परग्रहवासी हजर होतो आणि ती भीती एका फटक्यात माफ होते. थापेबाजाची थाप देवाने खरी करून दाखवली, तर प्रेक्षकाने दोन तास कशासाठी जीव टांगणीला लावला?

‘आदिपुरुष’वर थोडं थांबायला हवं, कारण त्याच्यावर झालेली टीका बरीचशी चुकीच्या जागी लागली आहे. 2 ऑक्टोबर 2022 ला अयोध्येत टीझर दाखवला गेला तेव्हा लोक तुटून पडले ते संगणकी दृश्यांवर. प्रदर्शन जानेवारी 2023 वरून जूनवर गेलं, दृश्यांवर पुन्हा काम झालं. खर्च पाचशे कोटींच्या वर गेल्याचं छापून आलं. 16 जूनला चित्रपट लागला आणि पहिले तीन दिवस गर्दी उसळून मग तो आपटला. दृश्यं सुधारून तो तरला असता का? मला नाही वाटत. राऊत यांनीच आदल्या ‘तान्हाजी’त (2020) संगणकाने उभा केलेला कोंढाणा दाखवला होता आणि तो पाहताना फार कोणी कडे मोजत बसलं नाही, कारण गड घ्यायचा, त्यासाठी रायबाचं लग्न मागे ठेवायचं आणि परत यायची खात्री नाही, हा व्यवहार पहिल्यापासून स्पष्ट होता. ‘आदिपुरुष’मध्ये असा व्यवहारच ठरलेला नाही. ही लंका सोन्याची आहे की परदेशी कल्पनापटातल्या राखाडी किल्ल्यासारखी? रावण पुष्पक विमानाऐवजी वटवाघळासारख्या अवाढव्य प्राण्यावर बसतो, हे जग पुराणातलं की भयपटातलं? राम मर्यादेने बांधलेला आहे, ही तर रामकथेतली मूळ अट. मग त्याच्याच दूताच्या तोंडी गल्लीतल्या दमबाजीची भाषा कशी? संवादांवर रान उठलं, लेखक मनोज मुंतशिर यांनी आधी त्यांचं समर्थन केलं, मग काही दिवसांतच चालू चित्रपटातले संवाद बदलले गेले आणि जुलैत त्यांनी हात जोडून माफीही मागितली. नेमकी हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त बोलकी वाटते. हनुमानाच्या तोंडचं वाक्य आठवड्यात बदलून टाकता आलं आणि चित्रपटात दुसरं काहीच हललं नाही. म्हणजे त्या वाक्याखाली पात्र उभंच नव्हतं. ‘संत तुकाराम’मध्ये जिजाईच्या हातातली वहाण काढून तिथे आरतीचं ताट दिलं, तर अख्खा चित्रपट कोसळेल.

नियम कधीच बदलू नयेत, असं मात्र यातून निघत नाही. शिंगणापूरनेच तो धडा दिलाय. चौथऱ्यावर बायकांनी जायचं नाही, ही तिथली रूढी. 2000 च्या सुमारास डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्याविरुद्ध आंदोलन उभारलं, प्रकरण न्यायालयात गेलं. नोव्हेंबर 2015 मध्ये एका तरुणीने चौथऱ्यावर जाऊन तेल वाहिलं, नंतर देवस्थानात शुद्धीकरण झालं, जानेवारीत भूमाता ब्रिगेड या महिला संघटनेचा मोर्चा सुप्याजवळ अडवला गेला, मुंबई उच्च न्यायालयाने मंदिरप्रवेशाच्या कायद्याची आठवण करून दिली, आणि 8 एप्रिल 2016 ला, गुढीपाडव्याला, चौथरा सर्वांना खुला झाला. नियम बदलला, पण पंधरा-सोळा वर्षांची झुंज देऊन, सगळ्यांच्या देखत, कोणाला काय गमवावं लागतंय हे उघड मांडून. गोष्टीतला नियमही असाच बदलावा लागतो.

आता चाहत्यांचा सगळ्यात लाडका आक्षेप: वाईट चित्रपट इतका मजेशीर असेल, की आपण मित्रमंडळी जमवून तो पुन्हा पुन्हा बघतो, तर त्याला वाईट का म्हणायचं? अमेरिकेत या प्रकाराचं दैवत म्हणजे एड वुडचा ‘प्लॅन 9 फ्रॉम आउटर स्पेस’. 1950 च्या दशकात काढलेला. त्याचा मोठा नट बेला लुगोसी 1956 मध्येच वारला. वुडने त्याचं हाती असलेलं मोजकं चित्रण वापरलं आणि उरलेल्या दृश्यांत दुसऱ्याच माणसाला तोंडावर झगा धरून फिरवलं. तो माणूस लुगोसीपेक्षा उंच होता, आणि हाडं बसवणारा वैद्य होता. 1980 मध्ये मेडवेड बंधूंच्या पुस्तकात वाचकांनी याला आजवरचा सर्वांत वाईट चित्रपट ठरवलं, आणि तेव्हापासून त्याच्यावरचं प्रेम वाढतच गेलं. ‘जानी दुश्मन’चंही आपल्याकडे तेच झालंय. हे प्रेम खोटं नाही. वुडला जमलं नाही, पण त्याचा आपल्या उडत्या तबकड्यांवर पक्का विश्वास होता. मित्र वारला तरी त्याला चित्रपटातून काढायचा नाही हा हट्ट वेडगळ असला तरी तो हट्ट आहे. न जमणं आणि न ठरवणं यांत फरक आहे. न जमलेल्या चित्रपटाला हसता येतं, कारण काय जमवायचं होतं ते दिसतं. 2000 सालच्या ‘बॅटलफील्ड अर्थ’ला वाईट चित्रपटांसाठीचे रॅझी पुरस्कार ढिगाने मिळाले, तरी कोणी मित्रमंडळी जमवून तो बघत असतील असं मला वाटत नाही. पैसा होता, जॉन ट्रॅव्होल्टासारखा नट होता. कंटाळ्याला हसणं अवघड जातं.

भक्तिपटांचं काय, हा प्रश्न शनीच्या संदर्भात टाळता येणार नाही. गुलशन कुमार यांच्या टी-सीरिजने 1990 च्या दशकात ‘सूर्यपुत्र शनिदेव’ काढला आणि शिंगणापूरचं नाव महाराष्ट्राबाहेर दूरवर गेलं. पुढे 2016 मध्ये ‘कर्मफल दाता शनि’ ही मालिकाही आली. असे चित्रपट तंत्राच्या चष्म्यातून पाहणं अन्यायाचं आहे. ‘जय संतोषी माँ’ (1975) हा अगदी कमी पैशांतला चित्रपट ‘शोले’च्या वर्षी धो धो चालला, लोक चपला बाहेर काढून थिएटरात बसत. तिथे अट चित्रपटाला घालावी लागलीच नाही. शुक्रवारच्या व्रताचा नियम, आंबट न खाण्याचं पथ्य, हे सगळं प्रेक्षक घरून घेऊन आले होते. विवेकवादी मित्र याच ठिकाणी हरकत घेतील, की असे चित्रपट अंधश्रद्धा वाढवतात म्हणून तेच सर्वांत वाईट. दाभोलकरांच्या महाराष्ट्रात ही हरकत हसण्यावारी नेता येत नाही. पण घातक असणं आणि टुकार असणं या गोष्टी एक नाहीत. उत्तम बांधलेला चित्रपट जास्त घातक ठरू शकतो. शिवाय बुवा-बाबा बाजारात जे विकतो ते फुकट चमत्काराचं आश्वासन असतं: नोट दुप्पट, रोग छूमंतर, कष्ट शून्य. कष्ट मागणारा आणि हिशेब ठेवणारा चमत्कार दाखवला तर त्याच्या धंद्याला तो फारसा उपयोगाचा नाही.

शिंगणापूरवर आज कोणी अद्भुतपट काढायचं मनावर घेतलं, तर साहित्य गावानेच पुरवलंय. 2010-11 च्या सुमारास गावात चोरी झाल्याच्या तक्रारी नोंदल्या गेल्या. जानेवारी 2011 मध्ये युको बँकेने इथे कुलूप नसलेली शाखा उघडली. सप्टेंबर 2015 मध्ये पोलीस ठाणं सुरू झालं, तेही समोरच्या दाराविना. चोरी होत नाही अशी ख्याती असलेल्या गावात चोरीची फिर्याद घ्यायला बसलेला हवालदार, आणि त्याच्या मागे दार नसलेली चौकट! आळशी पटकथाकार इथे पहिल्याच रात्री चोराला आंधळा करील, ढगांतून काळा प्रकाश पाडील आणि मध्यंतरापर्यंत आणखी तीन चोर आंधळे करून दमेल. कसबी लेखक मात्र ज्याच्या घरातून वस्तू गेली त्या घरी जाईल. फिर्याद द्यावी तर वचन खोटं पडलं असं गाव म्हणणार. गप्प राहावं तर चोराला मोकळं रान. आणि सुताराकडे जाऊन दार करून घ्यावं, तर पिढ्यान्‌पिढ्यांचा करार त्याच्या एकट्याच्या उंबऱ्यावर मोडणार. या माणसाला आधी तिन्ही वाटांनी चालायला लावायचं. विशेष दृश्यांच्या कंपनीला कामाचं कंत्राट त्यानंतर द्यायचं, लागलंच तर.